हक्क भाग तीनमध्ये, त्यांची राखण मात्र इतर पानांवर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मूलभूत हक्क राज्यघटनेच्या भाग तीनमध्ये आहेत, थोड्याच पानांत ते संपतात. मग राष्ट्रपती, राज्यपाल, विधानसभा, न्यायालयं, निवडणूक आयोग यांच्यावर शेकडो अनुच्छेद कशाला? सामान्य माणसाने हक्कांचा भाग तेवढा नीट वाचला तर पुरत नाही का?

पुरत नाही. गोव्यात इतकी वर्षं वकिली करताना जे सर्वांत ठामपणे पटलं ते हेच, की हक्कांची यादी एकटी कोणालाही वाचवत नाही. सत्ता कोणाच्या हातात किती आहे, ती कोण काढून घेऊ शकतं, आणि सत्ताधाऱ्याला जाब विचारणारा माणूस त्याच सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर जगतो की नाही, यावर हक्क टिकतो किंवा जातो. हे गोव्याने भोगलेलं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पोर्तुगीज अमलात आपल्याला राज्यघटनाच नव्हती असा अनेकांचा समज आहे. होती, आणि एक नव्हे, अनेक होत्या: १८२२ची, १८२६ची सनद, १८३८ची, १९११ची, १९३३ची. १८२२मध्ये तर गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी निवडले गेले, त्यांत बेर्नार्दो पेरिश द सिल्वा हे गोमंतकीय होते. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, चर्च आणि सरकार यांची फारकत झाली आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्यापुढे बरोबरीचं स्थान मिळालं. त्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, वाचनालयं निघाली, वृत्तपत्रं निघाली.

मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट आली. त्याच्या १९३३च्या घटनेचा आठवा अनुच्छेद कधी मिळाला तर जरूर वाचा. जीविताचा हक्क, श्रद्धेचं स्वातंत्र्य, विचार मांडण्याचं स्वातंत्र्य, सभा आणि संघटनेचं स्वातंत्र्य, सगळं त्यात लिहिलेलं आहे. त्याच अनुच्छेदात पुढे असंही आहे, की विचार, सभा आणि संघटना यांच्या स्वातंत्र्याचं नियमन खास कायद्यांनी होईल. ते कायदे सरकारने स्वतःला हवे तसे केले. छापील शब्दावर सेन्सॉर बसला. लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीसाठी न्यावी लागे, असं जुनी माणसं सांगत. गव्हर्नर जनरल लिस्बनहून नेमला जाई आणि इथल्या कोणालाही तो जबाबदार नसे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेतली, तेव्हाची तातडीची मागणी नागरी स्वातंत्र्याची होती: बोलायला आणि जमायला सरकारची परवानगी लागू नये. त्यांना तिथेच अटक झाली. गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी टी. बी. कुन्हांना त्याच वर्षी लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशे किल्ल्यात पाठवलं.

म्हणजे यादी होती. सरकारने ती मोडली तर सरकारला थांबवणारं कोणी नव्हतं. सरकार बदलू शकणारा मतदार नव्हता, राजकीय खटला निर्भयपणे चालवणारं न्यायालय नव्हतं, प्रश्न विचारणारी विधानसभा नव्हती.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश म्हणून २० डिसेंबर १९६१पासून घटनेत नोंदला गेला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. १९६२च्या प्रशासन कायद्याने जुने पोर्तुगीज कायदे एकदम रद्द केले नाहीत, ते बदलेपर्यंत चालू ठेवले. म्हणून १८६७च्या नागरी संहितेतले कौटुंबिक आणि वारसा कायदे आपल्याकडे पुढे चालत आले, देवस्थानांचा १९३३चा महाजनी कायदा आजही आहे, कोमुनिदादींची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांची, संहिता आहे. कायदे तेच राहिले, पण त्यांच्या डोक्यावर आता अनुच्छेद १३ बसला: मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा विसंगतीपुरता शून्य. आणि तो शून्य आहे की नाही हे कायदा करणाऱ्याने ठरवायचं नाही, न्यायालयाने ठरवायचं.

आपल्या अनुच्छेद १९मध्येही हक्कांवर निर्बंध घालायची मुभा आहेच. मग सालाझारच्या घटनेत आणि आपल्या घटनेत फरक काय, असं कोणीही विचारील. फरक असा, की आपल्याकडे निर्बंध वाजवी असावा लागतो, घटनेत मोजून दिलेल्या कारणांपैकीच एखाद्या कारणासाठी असावा लागतो, आणि तो तसा आहे हे सरकारला तिऱ्हाइतापुढे सिद्ध करावं लागतं. तो तिऱ्हाईत स्वतंत्र राहावा म्हणून घटनेत न्यायाधीशांची नेमणूक, पगार आणि पदावरून दूर करण्याची अवघड रीत यांवर एवढे अनुच्छेद खर्ची पडले आहेत. ते वाचताना रुक्ष वाटतात. पण तुमचं भाषणस्वातंत्र्य त्या रुक्ष पानांवर उभं आहे.

आता प्रत्यक्षात हे कसं चालतं ते सांगतो. एका गावातल्या बाईंचा बाजारातला गाडा पंचायतीने एका सकाळी उचलून नेला. नोटीस नाही, ठराव नाही, पंचनामा नाही. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात एका कार्यकर्त्याने दिलेलं घटनेचं पुस्तक होतं आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या कलमाखाली पेनाने रेघ मारलेली होती. त्यांचं बरोबर होतं, अनुच्छेद १९(१)(छ) त्यांच्या बाजूचाच. पण आम्ही उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेत, म्हणजे सरकारी कारवाईला आव्हान देणाऱ्या अर्जात, भर दिला तो वेगळ्या गोष्टीवर: पंचायतीला हा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला, त्या कायद्याने आधी नोटीस द्यायला सांगितलं आहे का, आणि म्हणणं ऐकून न घेता केलेली कारवाई समानतेच्या अनुच्छेद १४ला धरून आहे का. दुसऱ्याच तारखेला पंचायतीच्या वकिलांनी गाडा परत देण्याचं आणि रीतसर नोटीस काढण्याचं मान्य केलं. बाईंना मिळालेला न्याय व्यवसायस्वातंत्र्याच्या मोठ्या चर्चेतून आला नाही. पंचायतीच्या अधिकाराला सीमा होती आणि ती दाखवून द्यायला अनुच्छेद २२६चा दरवाजा उघडा होता, म्हणून आला.

हा दरवाजा गोव्यात आधी न्यायिक आयुक्तांच्या न्यायालयात होता. ३० ऑक्टोबर १९८२पासून मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे आहे, पूर्वी पणजीत, आता पर्वरीला. डॉ. आंबेडकरांनी अनुच्छेद ३२ला घटनेचा आत्मा म्हटलं होतं आणि ते खरंच आहे, पण गोव्यातल्या माणसाने दिल्लीला धावायची गरज क्वचितच असते. ३२खाली सर्वोच्च न्यायालयात फक्त मूलभूत हक्कासाठी जाता येतं. २२६खाली उच्च न्यायालयात मूलभूत हक्कासाठीही जाता येतं आणि साध्या कायदेशीर हक्कासाठीही. तुमची जमीन कायद्याशिवाय घेतली तर ते उल्लंघन अनुच्छेद ३००कचं. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क भाग तीनमधून काढून तिथे नेला, त्यामुळे त्याचा रस्ता २२६चा. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर, नाव असलेल्या प्रत्येकाने एवढं तरी माहीत करून घ्यावं.

अटकेविषयी वेगळं लिहितो, कारण मध्यरात्री फोन येतात ते त्यासाठी. अनुच्छेद २२ म्हणतो की अटकेची कारणं लवकरात लवकर कळवली पाहिजेत, पसंतीच्या वकिलाशी बोलू दिलं पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच डांबून ठेवण्याचा, अपवाद आहे, आणि तो मला आजही जाचक वाटतो. २०२५च्या विहान कुमार निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अटक झालेल्याला समजेल अशा रीतीने कारणं कळवली नाहीत तर अटकच बेकायदा ठरते. पोलीस ठाण्यात गेलेल्या नातेवाइकांनी आरडाओरडा करण्यापेक्षा अटकेची वेळ लिहून घ्यावी, कारणं लेखी मागावीत आणि दंडाधिकाऱ्यापुढे हजर करताना ती वेळ वकिलाकडून सांगावी. हा दंडाधिकारी पोलिसांचा वरिष्ठ नाही, न्यायव्यवस्थेतला आहे. अनुच्छेद ५०ने राज्याला न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करायला सांगितलं, त्याचा हा परिणाम. चोवीस तासांच्या अटीला अर्थ येतो तो त्यामुळे.

कोणते हक्क कोणाला, हा प्रश्न गोव्यात जितका घरोघरचा आहे तितका इतर राज्यांत क्वचितच असेल. समानता, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य, अटकेतलं संरक्षण, धर्मस्वातंत्र्य हे प्रत्येक व्यक्तीला आहेत, मग ती हणजुणेला (अंजुनाला) उतरलेली परदेशी पर्यटक का असेना. भाषण, संचार, वास्तव्य, व्यवसाय, सरकारी नोकरीतली समान संधी हे फक्त नागरिकाला. १९६१पूर्वी जन्मलेल्या गोमंतकीयांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज राष्ट्रीयत्व मिळू शकतं. कामासाठी युरोपात जाणाऱ्या मुलांना मी नावं ठेवत नाही. पण अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व कायद्याचं कलम ९ नीट समजून मगच सही करा: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि त्याच्याबरोबर मत, निवडणूक लढवण्याचा हक्क आणि अनुच्छेद १९ची सगळी स्वातंत्र्यं जातात. यातलं सर्वांत जुनं गाजलेलं प्रकरण फादर मोंतेरो यांचं. मुक्तीनंतर त्यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखलं, राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावरही ते इथेच राहिले, आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली. जन्मभूमी हीच होती, पण राहण्याचा हक्क नागरिकत्वाबरोबर गेला होता.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. तुम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा राजकीय हक्क कोणता? बहुतेक जण म्हणतील, मत देण्याचा. तो भाग तीनमध्ये नाहीच. तो अनुच्छेद ३२६मध्ये आहे, निवडणुकांच्या प्रकरणात. कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येणार नाही, हे अनुच्छेद २६५मध्ये, वित्ताच्या प्रकरणात. सरकारी नोकराला चौकशीशिवाय काढता येणार नाही, हे ३११मध्ये, सेवांच्या प्रकरणात, आणि गोव्यात कितीतरी घरांचा संसार सरकारी नोकरीवर चालतो हे मी सांगायला नको. म्हणजे फक्त भाग तीन वाचणाऱ्याच्या हातून त्याचे स्वतःचे कितीतरी हक्क निसटतात.

आणि मताचा हक्क घेतला, तर ते मत पुढे कुठे जातं हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. गोव्याच्या विधानसभेत ४० सदस्य आहेत. ३० मे १९८७ला आपण पंचविसावं राज्य झालो, त्या छप्पन्नाव्या दुरुस्तीने घातलेल्या अनुच्छेद ३७१झमध्ये किमान ३० सदस्यांची अट आहे. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार, म्हणजे बहुमत गेलं की सरकार गेलं. चाळीस जणांच्या सभागृहात दोघांनी इकडून तिकडे जाणं म्हणजे सरकार पडणं. मोठ्या राज्यात जी गोष्ट वर्षानुवर्षांतून एकदा घडते ती गोव्यात एका कार्यकाळात अनेकदा घडू शकते. म्हणूनच पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीवरच्या महत्त्वाच्या निवाड्यांत गोव्याची नावं पुन्हा पुन्हा येतात. १९९३च्या काशिनाथ जल्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सभापतीने एकदा दिलेल्या अपात्रतेच्या निर्णयाचा सभापतीला फेरविचार करता येत नाही, आणि त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांची अपात्रता उठवणारा फेरविचार रद्द केला. १९९४च्या रवी नाईक प्रकरणात ठरलं की पक्ष ‘स्वेच्छेने सोडणं’ म्हणजे राजीनामाच लागतो असं नाही, वागणुकीवरूनही ते ठरवता येतं.

२००३च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने पक्षाचे एक-तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता नाही, ही पळवाट बंद केली आणि मंत्रिमंडळावर पंधरा टक्क्यांची मर्यादा आणली. त्या हिशेबाने गोव्याला सहाच मंत्री मिळाले असते, पण किमान बारा असू द्यावेत अशी सवलत लहान राज्यांना आहे, म्हणून आपल्याकडे मुख्यमंत्र्यांसह बारा. विचार करा, निवडून आलेल्या चाळिसांपैकी बारा मंत्री. सत्ताधारी बाजूला बावीस-चोवीस आमदार असतील तर त्यातले निम्मे मंत्रीच. उरलेल्यांपैकी अनेक जण महामंडळांवर. मग सरकारला सभागृहात अवघड प्रश्न विचारायचा कोणी? लहान राज्याच्या घटनात्मक रचनेतली ही खरी कमजोरी आहे आणि तिच्यावर आपण फार कमी बोलतो.

पळवाट एक राहिली ती विलीनीकरणाची. दोन-तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला संमती दिली तर अपात्रता नाही. जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. सभापतींनी अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या आणि २४ फेब्रुवारी २०२२ला गोवा खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अकरापैकी आठ गेले. निवाड्याचा मान राखून माझं मत सांगतो: अनुसूचीच्या चौथ्या परिच्छेदात आधी मूळ पक्षाचं विलीनीकरण अपेक्षित आहे आणि मग आमदारांची संमती. निव्वळ आमदारांच्या आकड्यावर ते भागवलं तर एकट्याने पक्ष बदलणं गुन्हा आणि गटाने बदलणं मोकळीक, असा अर्थ होतो. मतदाराने पक्षाच्या चिन्हावर दिलेल्या मताचं मग काय उरलं? तुमचा भाग तीन इथे जसाच्या तसा शाबूत आहे, आणि तरीही तुमचं काही तरी गेलेलं आहे.

सरकार कोणाचं हे ठरवण्याची जागाही महत्त्वाची. २०१७च्या निवडणुकीत काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या. राज्यपालांनी मनोहर पर्रीकरांना पाचारण केलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि न्यायालयाने १४ मार्चला सांगितलं की बहुमत सभागृहात सिद्ध करा, दोन दिवसांत. १६ मार्चला २२ विरुद्ध १६ मतांनी ते सिद्ध झालं. कोणाला हा निकाल आवडला, कोणाला नाही. पण बहुमताची मोजणी राजभवनाच्या दिवाणखान्यात न होता सभागृहात सर्वांसमोर व्हावी, हा १९९४च्या बोम्मई निवाड्याचा दंडक मला मोलाचा वाटतो.

निवडणूक घेणारा कोण, याबद्दलचा देशभर लागू झालेला एक निवाडा गोव्यातूनच गेला. २०२१मध्ये मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पालिकांच्या प्रभागांचं आरक्षण खंडपीठाने रद्द केलं, कारण महिलांसाठी एक-तृतीयांश जागा राखण्याची घटनेची अट नीट पाळली गेली नव्हती. प्रकरण वर गेलं तेव्हा समोर आलं की राज्य निवडणूक आयुक्ताचा अतिरिक्त ताबा राज्याच्या कायदा सचिवांकडे होता. म्हणजे सरकारच्या प्रभागरचनेवर लक्ष ठेवायचं ज्याने, तो सरकारचाच अधिकारी. १२ मार्च २०२१च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने याला घटनेची थट्टा मानलं आणि देशातल्या सर्व राज्यांना बजावलं की सरकारी सेवेतला माणूस या पदावर नको. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीतलं २४३ट, २४३न, २४३यक असलं काहीबाही वाचून विद्यार्थी कंटाळतात. त्याच अनुच्छेदांमुळे मुरगावातल्या, मडगावातल्या बायकांना निवडणुकीत उभं राहण्याची हक्काची जागा मिळाली.

केंद्र आणि राज्य यांच्यातल्या वाटणीबद्दल एकच सांगतो. अनुच्छेद ३ संसदेला राज्यांच्या सीमा बदलण्याचा, राज्यं जोडण्याचा अधिकार साध्या बहुमताने देतो. राज्याच्या विधिमंडळाचं मत विचारायचं, पण ते बंधनकारक नाही. गोवा तेव्हा केंद्रशासित होता, म्हणजे तेवढीही सक्ती नव्हती. तरी संसदेने १९६६मध्ये खास कायदा करून गोमंतकीयांना विचारलं, आणि १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मतं पडली. आपल्या मराठी घरांत त्या निकालाबद्दलच्या भावना आजही सारख्या नाहीत, माझ्या घरातही नव्हत्या. पण घटनेने न मागितलेला कौल सरकारने घेतला आणि पाळला, हा संकेत मला कायद्याच्या कोणत्याही कलमाइतकाच वजनदार वाटतो.

हक्क एकमेकांशी भिडतात तेव्हा रचनेची खरी कसोटी लागते. डिचोली, सत्तरी, सांग्यात खाणी चालायच्या तेव्हा कुणाच्या विहिरी आटल्या, कुणाच्या शेतात माती वाहून आली, आणि त्याच गावांत ट्रकच्या हप्त्यावर घर चालवणारेही होते. एकाचा अनुच्छेद २१मधला जगण्याचा हक्क, दुसऱ्याचा पोटापाण्याचा हक्क. २१ एप्रिल २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाणपट्ट्यांची मुदत २००७मध्येच संपली होती, त्यानंतरचं खनन बेकायदा. पुढच्या खननावर न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी उभारायला सांगितलं. ७ फेब्रुवारी २०१८ला दुसरं नूतनीकरणही रद्द झालं आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. मी पर्यावरणाच्या बाजूचा आहे, ते लपवत नाही. पण ट्रकवाल्यांचं पुनर्वसन हे न्यायालयाचं काम नव्हतं, ते विधानसभेचं आणि सरकारचं होतं, आणि तिथे कमतरता राहिली. न्यायालय बेकायदा गोष्ट थांबवू शकतं. तिच्या जागी काय उभं करायचं ते निवडून आलेल्यांनी ठरवायचं असतं.

न्यायालयावर सगळी भिस्त ठेवू नका असं मी म्हणतो त्याला आणखी मोठं कारण आहे. आणीबाणीत, एप्रिल १९७६मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवलं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध हेबियस कॉर्पसची, म्हणजे अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे आणायला लावणारी, याचिकाही चालणार नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात राहिले. अनुच्छेद २१ तेव्हाही घटनेत होताच. ते दुरुस्त केलं मतदारांनी, १९७७ला सरकार बदलून. नव्या संसदेने चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने २० आणि २१ हे अनुच्छेद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं केलं, आणि न्यायालयाने तो जुना निवाडा २०१७मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात पुसून टाकला. एक खांब खचला तेव्हा दुसऱ्याने भार घेतला. १९७३च्या केशवानंद निवाड्यात सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरलेली मूलभूत चौकटही हेच सांभाळते: संसदेला घटना बदलता येते, पण खांबच उपटून टाकता येत नाहीत.

तुम्ही शेवटी विचारलंय की सुरुवात कुठून करावी. वाचनाची सुरुवात १३, १४, १९, २१, २२, ३२ अशी करा, लगेच २२६ वाचा, मग ३२६, २६५, ३००क, ३११, आणि त्यानंतर राज्याच्या कार्यपालिकेचं प्रकरण, १५३पासून. दहावी अनुसूची पूर्ण वाचा, ती लहान आहे. घटनेची अधिकृत मराठी आवृत्ती आहे, तीच जवळ ठेवा.

प्रत्यक्ष काम पडलं तर आधी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. अनुच्छेद ३५०नुसार गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, तेव्हा मराठीत अर्ज द्यायला बिचकू नका. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात त्या अर्जाचं काय झालं ते विचारा. पंचायतीचा विषय असेल तर ग्रामसभेत उठून तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. ही कागदपत्रं नसली तर रिट याचिकेत पहिलाच प्रश्न येतो: तुम्ही आधी कुठे दाद मागितली? आणि फार उशीर करू नका, विलंबाचं कारण देता आलं नाही तर चांगली याचिकाही फेटाळली जाते. पैशाची अडचण असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, आणि तो मागण्यासाठी साधा अर्ज पुरतो.